संशयित, साक्षीदार आणि पेशवे

ऐतिहासिक कादंबरी आणि रहस्यकादंबरी यांना आपण मराठी वाचक वेगवेगळ्या पंगतीला बसवतो. पहिलीला पुरस्कार, अभ्यासक्रम, आहेरातलं मानाचं स्थान. दुसरीच्या नशिबी भाड्याच्या वाचनालयाचा शिक्का आणि रेल्वेचा प्रवास. हा पंक्तिभेद सोडल्याशिवाय दोघींपैकी एकीचीही नीट पारख होत नाही, असं माझं मत आहे. पुढच्या पानांत अलीकडे वाचलेल्या आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा हाती घेतलेल्या कादंबऱ्यांवरची माझी टिपणं आहेत. ती एका वाचकाची आहेत, पण जबाबदारीनं लिहिलेली आहेत. या प्रांतात नव्यानं पाऊल टाकणाऱ्यानं ती माझ्याशी भांडत भांडत वाचावीत, ही मनापासून इच्छा.

दोघींचं मूळ एकच आहे. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ ‘विविधज्ञानविस्तारा’तून क्रमशः आली आणि 1871 च्या सुमारास पुरी झाली. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. काळ शिवाजीमहाराजांचा, पण वाचकाला पुढं ओढते ती काल्पनिक माणसांच्या गोष्टीतली उत्कंठा. हरि नारायण आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ 1885 सालची. तिच्यामागे लंडनच्या रहस्यांवर कादंबऱ्या लिहिणारा रेनॉल्ड्स उभा होता. पुढे ‘म्हैसूरचा वाघ’ मेडोज टेलरच्या आधारानं आली आणि मग ‘उषःकाल’. गोविंद नारायण दातारशास्त्र्यांनीही रेनॉल्ड्सलाच देशी वेष चढवला, नाथमाधवांनीही त्याच्याकडून घेतलं. म्हणजे ज्या हातांनी मराठीत गड उभे केले, त्याच हातांनी भुयारंही खणली.

यात क्रमशः छापण्याचा वाटा मोठा आहे. आपट्यांनी ‘करमणूक’ 1890 साली सुरू केलं. आठवड्याच्या अंकात प्रकरण संपताना वाचकाला पुढच्या अंकापर्यंत ताटकळत ठेवावं लागे. वेषांतर, निनावी पत्र, दारावरची थाप, अर्धवट ऐकू आलेलं बोलणं ही सगळी सामग्री तिथून ऐतिहासिक कादंबरीत शिरली आणि मुक्कामाला राहिली. हेच आपटे अप्पा बळवंत चौकाजवळच्या आनंदाश्रमाचा कारभार पाहत होते. तिथं संस्कृत पोथ्या ताडून, पाठभेद नोंदवून छापल्या जात. पाठभेद तपासणारी शिस्त आणि वाचकाला खिळवून ठेवणारी हातोटी एकाच माणसाच्या दिवसभराच्या कामात नांदत होती. आपल्या ऐतिहासिक कादंबरीला पुढच्या काळात दुसरी गोष्ट भरपूर मिळाली, पहिली फार थोड्यांना साधली.

मी पुण्याच्या कसबा पेठेत राहते, आणि या दोन प्रकारांना एकत्र वाचायची गोडी मला या पेठेनंच लावली. इथला लाल महाल पाहायला शाळांच्या सहली येतात. आजची वास्तू महापालिकेनं अलीकडे उभी केलेली, पण घटना याच परिसरातली. 1663 चा एप्रिल, रमझानचा महिना, रात्र. शहराभोवती मोगली फौजेचा वेढाच म्हणावा असा तळ, आणि आत शाहिस्तेखानाचा जनाना. शिवाजीमहाराजांची माणसं आत आली ती मुदपाकखान्याच्या बाजूनं, विटा रचून बुजवलेली वाट फोडून. खानाची बोटं तुटली, तो जिवानिशी सुटला, हल्लेखोर निघून गेले. बंद खोलीतल्या गुन्ह्याच्या कथा लिहिणाऱ्यानं ही योजना बारकाईनं अभ्यासावी. भिंत कुठं कच्ची आहे, स्वयंपाकी कधी उठतात, आवाज झाला तर पहारेकऱ्याला तो कशाचा वाटेल, या प्रश्नांची उत्तरं आधी मिळवावी लागली असणार. आणि ज्यानं बालपणी ही वास्तू पाहिली त्याला ती मिळवणं सोपं गेलं असणार. लाल महालावरच्या बहुतेक कादंबऱ्यांत तलवार चमकते, भिंतीच्या विटा मात्र कुणी मोजत नाही. मला त्या विटा हव्या असतात.

तिथून शनिवारवाडा हाकेच्या अंतरावर. 30 ऑगस्ट 1773, गणेशोत्सवाचे दिवस. पगार थकलेले गारदी वाड्यात घुसले. अठरा वर्षांचा पेशवा नारायणराव पळत रघुनाथरावांच्या दालनात गेला आणि चुलत्याला मिठी मारून राहिला. तिथून त्याला ओढून काढलं आणि मारलं. चापाजी टिळेकर हा सेवक धन्याच्या अंगावर पडला आणि तोही कापला गेला. या हत्येविषयी पुण्यात जे सांगतात ते सगळ्यांना पाठ आहे: रघुनाथरावांनी पुतण्याला धरण्याचा हुकूम लिहिला, आनंदीबाईनं एक अक्षर बदललं आणि धरण्याचं मारणं झालं.

इथं रहस्यकथांची वाचक म्हणून माझं मन अडतं. घटनेत लाभ झाला कुणाचा? गादी मिळाली रघुनाथरावांना. गारद्यांशी बोलणी केली कुणी? पैसा आणि किल्ले देण्याचं आश्वासन कुणाचं होतं? चिठ्ठीची हकिकत आपल्यापर्यंत आली आहे ती मुख्यतः बखरींतून आणि सांगोवांगीतून. चांगल्या रहस्यकादंबरीत पहिल्या पन्नास पानांत ज्याच्यावर सगळ्यांचं बोट जातं, त्याच्याविषयी जाणता वाचक सावध होतो. आनंदीबाई अशी सोयीची संशयित आहे. ती निर्दोष होती असं माझं म्हणणं नाही. तिच्यावरचा आरोप ज्या सहजतेनं कादंबऱ्यांत, नाटकांत आणि वाड्याच्या वाटाड्यांच्या तोंडी सिद्ध झालेला असतो, त्या सहजतेला माझी हरकत आहे. रामशास्त्री प्रभुण्यांनी या खुनाचा तपास केला आणि सत्तेवर बसलेल्या माणसाला दोषी ठरवलं. त्यांच्या बाणेदारपणावर आपण भरपूर लिहिलं. त्यांनी कुणाला बोलावलं, कुणाच्या जबानीवर विश्वास ठेवला, कुणाच्या नाही, हे कथेत आणायला आपण कचरलो. वास्तविक तपास करणारा न्यायाधीश हा कादंबरीचा केवढा मोठा नायक!

जोसेफिन टे या लेखिकेनं 1951 साली ‘द डॉटर ऑफ टाइम’ लिहिली. पाय मोडून इस्पितळात पडलेला पोलीस अधिकारी तिसऱ्या रिचर्डचं चित्र बघतो आणि पुतण्यांचा खुनी म्हणून बदनाम झालेल्या त्या राजाची चौकशी खाटेवरूनच सुरू करतो. समकालीन कागद कोणता, नंतर रचलेला कोणता, लिहिणाऱ्याचा स्वार्थ काय, एवढ्याच हत्यारांवर कादंबरी चालते. तिचा निकाल सगळ्या इतिहासकारांना मान्य नाही, मलाही तो थोडा घाईचा वाटतो. तरी पुतण्याचा खून आणि चुलत्यावरचा आळ हे कथानक आपल्या वाड्यात घडलेलं असताना तशी चौकशी मराठीत व्हावी, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

रणजित देसाईंची ‘स्वामी’ (1962) मी या वेळी याच दृष्टीनं पुन्हा वाचली. माधवराव पेशवे आणि रमाबाईंचं सहजीवन, थेऊरचा शेवट, यांच्याबद्दल जे चांगलं बोललं जातं ते सगळं मला मान्य आहे. पण या खेपेला माझं लक्ष रघुनाथरावांवर होतं. 18 नोव्हेंबर 1772 ला माधवराव गेले. नारायणरावाचा खून त्यानंतर दहा महिन्यांच्या आत झाला. पुस्तक मिटताना वाचकाला पुढचं ठाऊक असतं, आणि म्हणून काका-पुतण्यांच्या प्रत्येक भेटीत धाकधूक भरून राहते. ‘स्वामी’ अशी वाचली की ती न लिहिलेल्या खुनाची पूर्वपीठिका होते. तिची एक मर्यादाही जाणवते: तिथली माणसं घरातसुद्धा दरबारात बोलल्यासारखी बोलतात. हा भरजरी संवाद पुढे इतक्यांनी उचलला, की आज ऐतिहासिक कादंबरी उघडली की पहिल्या पानावर कान दमतात.

मला अधिक जवळचे वाटतात ना. सं. इनामदार. त्यांनी नायक निवडले ते इतिहासानं आधीच शिक्षा ठोठावलेले: ‘झेप’मध्ये त्रिंबकजी डेंगळे, ‘मंत्रावेगळा’त दुसरा बाजीराव, ‘शहेनशहा’त औरंगजेब. इनामदार वकिली करतात, आणि उत्तम करतात. त्यांची उणीवही वकिलाचीच: विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराला ते पुरतं बोलू देत नाहीत. ‘शिकस्त’ मात्र मला त्यांची सर्वांत मोठी कादंबरी वाटते. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते मानलं नाही आणि कुंकू पुसलं नाही. पुढे भाऊ म्हणून एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसं जमली, चौकशी झाली आणि 1776 साली पुण्यात त्याला देहदंड मिळाला. ओळख पटवण्याचं हे प्रकरण कुठल्याही रहस्यकथेला पुरून उरेल. ज्या बाईचं सगळं आयुष्य त्या ओळखीवर टांगलेलं आहे, तिच्या बाजूनं ते पाहिलं की उत्कंठेचं दुःख होतं. रहस्य आणि इतिहास यांचं जमलेलं लग्न मला इथं दिसतं.

रहस्यकादंबरीकडे वळताना माझी वाचकाला एक विनंती आहे: नाकं मुरडू नका. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू यांच्यामुळे कैक घरांत पुस्तक विकत किंवा भाड्यानं आणायची सवय लागली. त्यांच्या कथानकांत योगायोग फार आहेत, गुन्हेगार पकडला जातो तो पुष्कळदा तर्कापेक्षा धावपळीनं. पण वाक्यं छोटी, वेग पक्का, आणि त्यांची मुंबई आजही डोळ्यांपुढं उभी राहते. गुरुनाथ नाईकांनी हीच परंपरा संख्येनं आणखी ताणली. पुण्याच्या सुहास शिरवळकरांना आज लोक ‘दुनियादारी’चे लेखक म्हणून ओळखतात, बॅरिस्टर अमर विश्वासच्या कथा वाचल्या तर पुरावा हाताळायची त्यांची समज लक्षात येईल. संवाद तर ते असे लिहीत की माणूस शेजारच्या टेबलावर बोलतोय असं वाटावं. ऐतिहासिक कादंबरीकारांनी हे त्यांच्याकडून शिकायला हवं होतं. नारायण धारपांचा प्रांत भयाचा. इथं त्यांच्याविषयी थोडंच लिहिलं आहे.

आपल्याकडचा वाचकही लेखकाइतकाच तपासणीस असतो. ‘मंत्रावेगळा’ची वाचनालयातली एक प्रत माझ्याकडे आली. खडकीच्या लढाईच्या पानावर, 5 नोव्हेंबर 1817 च्या हकिकतीशेजारी, कुणीतरी पेन्सिलीनं बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘दिवस तपासा’. खाली दुसऱ्या हातानं, निळ्या शाईत, ‘तपासला. बरोबर.’ त्याच्याही खाली, पहिल्याच पेन्सिलीत, बाजीराव त्या वेळी पर्वतीवर काय करत होता याबद्दल तीन ओळींचा आक्षेप होता आणि बांधणीच्या कडेत शेवटचे शब्द गेले होते. पुस्तकं खराब करू नयेत हे खरं. पण वाचकानं कादंबरीकाराला पुरावा मागावा, ही रीत मला फार मोलाची वाटते. ज्या शहरात वि. का. राजवाड्यांनी 1910 साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं आणि ज्या पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाईंनी निवडक कागदांचे 45 खंड काढले, तिथं असे वाचक तयार झाले यात नवल नाही.

कादंबरीला कागदाचं ओझं होतं, ही तक्रार मी मानत नाही. वा. सी. बेंद्र्यांनी 1960 मध्ये संभाजीराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं. तोवर नाटकांनी आणि बखरींनी त्यांच्यावर व्यसनी, उतावळा असे शिक्के मारले होते. बेंद्रे आणि त्यांच्यानंतर कमल गोखले यांनी कागद ताडून तो खटला पुन्हा चालवला, आणि मगच 1979 मध्ये शिवाजी सावंतांची ‘छावा’ आली. ‘छावा’त भावनेचा पूर मला जास्त वाटतो, तरी तिच्यामागे फेरतपास आहे. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांचं जे दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडलं आहे, ते मी या विषयातलं पहिलं पाठ्यपुस्तक मानते. लेखकाला त्याच्या नायकाविषयी इतके अडचणीचे प्रश्न विचारणारी प्रस्तावना त्या लेखकानं स्वतःच्या पुस्तकात छापली, हे दोघांचंही मोठेपण. पुष्कळजण ती पानं ओलांडून थेट कथेला भिडतात. तसं करू नका.

नव्या वाचकानं सुरुवात ‘झेप’पासून करावी, असं मला वाटतं. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन 1815 च्या आषाढात पंढरपुरात मारले गेले, आळ त्रिंबकजींवर आला, इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टननं त्यांना मागून घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. 1816 मध्ये ते तिथून निसटले. त्या खुनाच्या निमित्तानं सुरू झालेला पेच अडीच वर्षांच्या आत शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढण्यापर्यंत गेला. या कादंबरीवरचं टिपण मी सर्वांत शेवटी ठेवलं आहे, कारण ते मला दोनदा लिहावं लागलं. इनामदार वाचले की त्रिंबकजी सुटतात. इंग्रजी रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार वाचला की पुन्हा अडकतात. दोन्ही मसुदे तसेच छापले आहेत.