मिरवणुकीतले पाणी : माठाचे की बर्फाचे?

14 एप्रिलला विदर्भात पारा अनेकदा 40 अंशांच्या आसपास असतो, आणि आपली पोरे भर दुपारी ढोल-लेझीम खेळत असतात. ‘उन्हात गार पाणी प्यायलं की माणूस पडतो,’ असे कार्यकर्ते आम्हाला दरवर्षी सांगतात. याला आधार नाही. पोटात गेलेले पाणी थोड्याच वेळात शरीराच्या 37 अंशांवर येते. फरक पडतो तो किती प्यायले जाते यात. टँकरचे तापलेले पाणी दोन घोटांवर थांबते, दात कळवणारेही भरभर पिववत नाही. माठाचे पोटभर जाते. (कोकणात हवा दमट, तिथे माठ तेवढा गार होत नाही.)

बर्फाची खरी भीती वेगळी : तो कोणत्या पाण्याचा? महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फाला निळा रंग घालण्याचा नियम आहे. पण पांढरा दिसला तरी विक्रेत्याला विचाराच.

तहान लागण्याची वाट पाहू नये. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतेय. खूप घाम गेला असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा). कोणी बरळू लागला, शुद्ध हरपली, तर तोंडात पाणी ओतू नका. सावलीत न्या, अंग भिजवून वारा घाला, 108 ला फोन करा.