उन्हाचे शहर आणि छतावरची वीज

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, तेव्हा या नगराची निवड होण्यास भोवतालचा कापूस जसा कारण झाला, तशीच वरोऱ्याच्या खाणींची समीपताही कारण झाली. आणि साधारण त्याच सुमारास मुंबईत, कुलाब्यास, उच्च न्यायालयातील उपनिबंधक विल्यम ॲडम्स सपाट आरशांची अर्धवर्तुळाकार मांडणी करून सूर्यकिरण एका बाष्पकावर एकवटीत होते व त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे यंत्र चालवून दाखवीत होते. १८७८ साली त्यांनी या उद्योगावर ग्रंथही लिहिला. परंतु त्यांच्या आरशांना वारस लाभला नाही, कोळशाला लाभला. पुढे खापरखेडा आणि १९७४ पासून कोराडी येथील विद्युत्केंद्रांनी नागपूरच्या आसमंतावर धुराड्यांची मुद्रा कायम केली.

सूर्याची सद्दी या शहरात परत आली ती फार उशिरा, आणि आली ती एका गैरसमजासह. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान सोसलेल्या या शहरास, आपल्याकडे ऊन अमाप तेव्हा वीजही अमाप, असे वाटणे स्वाभाविक होते. आदर्श सौर शहरांच्या सरकारी यादीत नागपूरचे नाव आले, २०१५ साली राज्य वीज नियामक आयोगाने नेट मीटरचे विनियम अंमलात आणले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीपासून तीन किलोवॉटच्या घरगुती संचास ७८,००० रुपयांचे अनुदान मिळू लागले, तेव्हा ज्या घरांवर पूर्वी दर पावसाळ्याआधी कवेलू फेरण्याची वहिवाट होती, त्याच जागी उभ्या राहिलेल्या सिमेंटच्या छतांवर निळ्याकाळ्या पॅनेलांच्या रांगा दिसू लागल्या. आणि मग मे महिन्यात घरोघरी एकच फिर्याद उठली: ‘ऊन एवढं तापून राहिलं, तरी युनिट का कमी येऊन राहिले?’

या फिर्यादीचा निवाडा पदार्थविज्ञानात आहे. पॅनेल प्रकाशावर चालते, उष्णतेवर नव्हे. त्याची नोंदलेली क्षमता २५ अंशांच्या पेशी-तापमानाला मोजलेली असते, आणि त्यापुढील प्रत्येक अंशास सिलिकॉनची शक्ती सुमारे ०.४ टक्क्याने घटते. नागपुरी दुपारी काचेखालची पेशी ६५ अंशांवर गेली, की सोळा टक्के क्षमता कोणताही बिघाड नसताना गळून पडते. म्हणूनच पॅनेलखाली वारा खेळावा एवढी उंची ठेवणे ही या शहरात हौस नसून गरज आहे, आणि काही रुपये वाचवण्यासाठी सांगाडा छताला चिकटवून बसवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

सावलीचे प्रकरण याहून सूक्ष्म. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर येतो आणि पाण्याच्या टाकीची सावली टाकीखालीच मुरते. डिसेंबरात मात्र तोच सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंशांवर राहतो आणि दक्षिणेकडील टाकी आपल्याच उंचीएवढी सावली उत्तरेस टाकते. उन्हाळ्यात पाहणी करून बसवलेला संच हिवाळ्यात मंदावतो तो यामुळे. पॅनेले एकाच माळेत जोडलेली असल्याने एका पॅनेलाच्या कोपऱ्यावर पडलेला अंधार साऱ्या माळेच्या उत्पन्नात उतरतो.

धुळीची हकीकत सर्वांस ठाऊक आहे, परंतु कोराडी-खापरखेड्याच्या बाजूच्या वस्त्यांत तिच्यात औष्णिक केंद्रांच्या राखेची भर पडते: ज्या कोळशाला सूर्य पर्याय म्हणून आणला, त्याचेच अवशेष सूर्याच्या वाटेत येतात. ती धुवायची तर पहाटे किंवा सूर्यास्तानंतर, कारण तापलेल्या काचेवर थंड पाणी पडले तर ती तडकण्याचा धोका असतो. आणि बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी तसेच वाळू दिले तर पांढरे डाग धुळीहूनही चिवट बसतात.

शेवटी राहतो कागदोपत्रीचा भ्रम. नेट मीटर केवळ वाहिनीतून घरात आलेले आणि घरातून बाहेर गेलेले युनिट नोंदतो. कुलर-पंख्यांनी दिवसाच खाऊन टाकलेली वीज त्यात येत नाही, म्हणून इन्व्हर्टरचा आकडा आणि बिलाचा आकडा जुळत नाहीत आणि पुष्कळ घरे या फरकासच बिघाड समजतात. खरा बिघाड पाहायचा तो इन्व्हर्टरच्या दैनिक नोंदीत: दुपारी उत्पादन काही वेळ शून्यावर आले असेल, तर वाहिनीचा दाब मर्यादेबाहेर चढल्याने किंवा पुरवठा खंडित झाल्याने इन्व्हर्टर स्वतःहून थांबला असण्याचा संभव मोठा, एकच माळ कायम मागे असेल, तर जोडणी, डायोड अथवा सावली तपासावी. या नोंदी महिन्यागणिक एका वहीत उतरवणाऱ्या घरास यंदाचा मार्च गतवर्षीच्या मार्चशी ताडून पाहता येतो. अनुदान संच बसवण्यासाठी मिळते. ही वही मात्र घरमालकालाच ठेवावी लागते, आणि ती पहिल्याच महिन्यापासून ठेवलेली बरी.