लक्ष्मी रोडवरचं पाणी



परवा भाच्याने मोबाईलवर जुन्या पुण्याचा एक काळा-पांढरा फोटो पाठवला. अलका टॉकीजच्या बाजूचा रस्ता, पण रस्ता दिसतच नाही, सगळं पाणी. खाली फक्त '१९६१' लिहिलेलं. आपल्या वयाच्या पुणेकर बायकांना तेवढं पुरे.

१२ जुलै १९६१, बुधवार. पानशेतचं धरण अजून पुरं बांधूनही झालं नव्हतं. रात्रभर जवानांनी वाळूची पोती रचली, तरी सकाळी ते फुटलं. तो लोंढा खडकवासल्यावर आला आणि दुपारपर्यंत तेही धरण गेलं. लकडी पूल पाण्याखाली गेला. नदीकाठच्या पेठांतले पांढऱ्या मातीचे वाडे भिजून बसले.

माझं सासर तेव्हा नारायण पेठेत. खाली किराणा दुकान, वर बिऱ्हाड. मी अर्थातच नंतर आले, हे सगळं सासूबाईंकडून ऐकलेलं. त्या कडेवरच्या मुलाला घेऊन भवानी पेठेत नणंदेकडे निघाल्या, ती बाजू उंचावर. सोबत घेतलं काय? दागिन्यांचा डबा आणि पाणी गाळायचं फडकं! दुसऱ्या गोष्टीवरून त्यांना घरात पुढे कितीतरी वर्षं चिडवत. पण खडकवासला गेल्यावर शहराचे नळ कोरडे पडले. पुरात बुडालेलं गाव आणि प्यायला पाणी नाही. लोक जुन्या विहिरींवर आणि हौदांवर गेले. पेशव्यांनी कात्रजहून आणलेलं पाणी दोनशे वर्षांनी पुन्हा कामाला आलं. नणंदेच्या वाड्यातल्या विहिरीवर आमच्या सासूबाई ते फडकं दुहेरी करून उभ्या. घागरी आळीतल्या सगळ्यांच्या, जैन असोत की नसोत.

दुकानात मात्र काही उरलं नव्हतं. धान्य कुजलं, गूळ वाहून गेला, आणि उधारीच्या वह्यांचा चिखलात लगदा झाला. मी कॉमर्सची, 'बुडीत कर्ज' हा धडा परीक्षेपुरता वाचलेला. त्याचा अर्थ मला सासऱ्यांच्या तोंडून कळला. कोणाकडे किती येणं, ते त्यांना बरंचसं पाठ होतं. पण ज्यांचं घरच उरलं नाही त्यांच्या दारात मागायला जायचं कसं? सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं. व्यापाऱ्यांची देणी आपल्यालाही आहेत, ती कोण सोडणार? त्यावरून दोघांत बरीच धुसफूस झाली. मला विचाराल तर हिशेब सासूबाईंचा बरोबर होता. व्यापाऱ्यांचे पैसे चुकवायला शेवटी त्या डब्यातल्या पाटल्या विकल्या.

सासरे मागायला गेले नाहीत. दिवाळीला नवी वही पूजली, तिचं पहिलं पान कोरं ठेवलं. जो आपणहून येऊन देईल त्याचं नाव त्यावर लिहायचं. काही जण आले. बरेचसे आलेच नाहीत, हेही सांगते. पूरग्रस्तांच्या नव्या वस्त्या झाल्या, गोखलेनगर, लोकमान्यनगर, तिकडे गिऱ्हाईकं पांगली. गोखलेनगरातून एक बाई मात्र महिन्याला चालत यायच्या आणि दोन रुपये ठेवून जायच्या. त्यांची उधारी किती होती हे सासऱ्यांनाही आठवत नव्हतं. त्या सांगतील तो आकडा. चौदाव्या महिन्यात त्या म्हणाल्या, "फिटलं." सासूबाईंनी त्यांना वर नेऊन जेवायला वाढलं.