ईडनसाहेबांची पित्तनलिका
राजपुरुषांच्या चरित्रांत त्यांच्या यकृताला सहसा स्थान मिळत नाहीं. परंतु अँथनी ईडन यांच्या चरित्रांतून तें वगळतां यावयाचें नाहीं, असें आम्हांस वाटतें.

यकृतांतील पित्त आंतड्यांत नेणारी नलिका बोरूहूनही बारीक असते. १२ एप्रिल १९५३ रोजीं लंडनमध्यें ईडन यांचा पित्ताशय काढतांना ती दुखावली. महिनाअखेर झालेल्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनेंही निभाव लागेना. बोस्टनचे शल्यविशारद कॅटेल सुदैवानें लंडनांतच होते. परराष्ट्रमंत्र्यानें उपचारासाठीं परदेशीं जावें हें चर्चिलना रुचलें नाहीं. पण कॅटेल आपल्या रुग्णालयाचा आग्रह सोडीनात. हा आग्रह मानापमानाचा नव्हे. दुखावलेली नलिका व्रण भरतांना आवळत जाते. दर फसलेल्या दुरुस्तीगणिक तिचा धड भाग आंखूड होतो. अशा कामीं सराईत हात आणि सरावाचे सोबतीच हवेत. १० जून रोजीं बोस्टनमध्यें कॅटेलनीं नलिकेचें उरलेलें टोंक लहान आंतड्याला जोडलें.

ईडन वांचले; १९५५ सालीं पंतप्रधानही झाले. पण पित्त तुंबलें कीं ताप चढे. ५ ऑक्टोबर १९५६ रोजीं तो १०६ अंशांवर गेला; बरोबर महिन्यानें ब्रिटिश छत्रीसैनिक पोर्ट सैद येथें उतरले. सुएझचा सारा दोष या नलिकेवर लोटणें आम्हांस मान्य नाहीं. नासेरविषयींचा आकस या तापाआधींचाच होता. तथापि जानेवारी १९५७ मध्यें प्रकृतीस्तव दिलेला राजीनामा निव्वळ सबब म्हणून हंसण्यावारीं नेणारे आमचे इतिहासकार बंधु एक गोष्ट विसरतात: त्याच एप्रिलांत ईडन पुन्हां बोस्टनला, कॅटेल यांच्याच टेबलावर होते.