छेदात काय लिहायचे?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की हाती दिवा घेतलेली परिचारिका आपल्या डोळ्यांपुढे येते. याच बाईंच्या पुस्तकातील एका तक्त्यावरून लंडनच्या डॉक्टरमंडळींत मोठा वाद माजला होता, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

रुग्णालयांविषयीच्या त्यांच्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती १८६३ साली निघाली. तीत संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांची आकडेवारी होती. लंडनच्या २४ रुग्णालयांत एप्रिल १८६१ मधील एका दिवशी ४,२१४ रुग्ण होते आणि वर्षभरात मृत्यू झाले ३,८२८. म्हणजे शेकडा ९०.८४! प्रांतिक रुग्णालयांत हेच प्रमाण सुमारे ३९ होते. मोठ्या शहरांतील दाटीवाटीची रुग्णालये रोग्याला घातक असतात, या नाइटिंगेलबाईंच्या मताला त्यामुळे बळ मिळाले.

डॉक्टर खवळले. शंभरातले नव्वद रोगी खरोखरच मरत होते काय?

समजा, एका रुग्णालयात १०० खाटा आहेत व त्या नेहमी भरलेल्या असतात. प्रत्येक रोगी महिनाभर राहतो. म्हणजे वर्षात १,२०० रोगी येऊन गेले. त्यांपैकी ९० दगावले. छेदात खाटा लिहिल्या तर उत्तर ९० टक्के; रोगी लिहिले तर साडेसात टक्के. भागाकार दोन्ही बरोबर, पण प्रश्न वेगळे. शहराचा मृत्युदर आपण पहिल्या रीतीनेच काढतो, आणि फार यांनी तिचेच समर्थन केले. पण जिथे अत्यवस्थ रोगी अधिक येतात आणि खाटा लवकर रिकाम्या होतात, तिथे हा आकडा फुगतो. उलट, रोग्यांना लवकर घरी पाठवणाऱ्या रुग्णालयाला दुसरी रीत सोयीची; घरी गेल्यावर झालेला मृत्यू तिच्यात मोजलाच जात नाही.

१८६० मध्ये नाइटिंगेल निधीतून सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. तिथे निरीक्षण, स्वच्छता व शिस्त यांवर भर होता. आकड्यांची ही झाडाझडती परिचारिकांच्या शिक्षणात यायला विसावे शतक उजाडावे लागले. अमेरिकेत परिचर्या-संशोधनाला वाहिलेले नियतकालिक १९५२ साली निघाले. आपल्याकडेही बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात संशोधन व संख्याशास्त्र हे विषय आहेत.

त्यांची गरज वॉर्डातच पटते. एका वॉर्डात महिन्यात सहा जणांना शय्याव्रण झाले, दुसऱ्यात तिघांना. पहिल्या वॉर्डातील परिचारिका निष्काळजी ठरवायच्या काय? रोगी किती होते, किती दिवस अंथरुणाला खिळून होते, कितीजण व्रण घेऊनच आले होते, हे विचारल्यावाचून दिलेला निकाल अन्यायच ठरेल.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. शाळेच्या ग्रंथालयातून आज ४० पुस्तके बाहेर आहेत आणि वर्षभरात ३६ फाटून परत आली. मग नव्वद टक्के मुले पुस्तके फाडतात काय? उत्तर लगेच सांगू नये. छेदात काय लिहायचे, यावर मुलांना आधी भांडू द्यावे.