एका फटफटीची सत्तेचाळीस वर्षे

वाचकहो, गावच्या लोहाराकडे कधी निवांत बसला आहात काय? मोडीत निघालेल्या मालमोटारीचा कमानपाटा तो भट्टीत घालतो, ऐरणीवर ठोकतो आणि पाहता पाहता त्याचा कोयता होतो. आपल्याला त्यात नवल वाटत नाही. परंतु असाच घण आणि अशीच चिकाटी हाताशी घेऊन एका माणसाने आपली जुनी फटफटी घरच्या घरी अशी घडवली, की तिचे नाव जगभर झाले. त्या माणसाची आणि त्या फटफटीची ही हकिगत.

न्यूझीलंड देशाच्या अगदी दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल नावाचे गाव आहे. तिथला बर्ट मन्रो हा १८९९ साली जन्मलेला गृहस्थ. १९२० साली त्याने 'इंडियन स्काउट' नावाची फटफटी विकत घेतली. नावावर जाऊ नका बरं का! ही गाडी आपल्याकडची नव्हे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड इथल्या कारखान्यात ती तयार झाली. चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश इंजिनियरने तिची आखणी केली होती. त्या कारखान्याच्या थोरल्या गाड्यांपुढे ही धाकटीच म्हणायची. इंजिन ६०० घन सेंटीमीटरचे आणि वेग फार तर ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर. त्या काळी एवढा वेग कुणालाही पुरला असता. मन्रोला मात्र तो पुरला नाही.

१९२६ पासून त्याने गाडी खोलायला आणि सुधारायला सुरुवात केली. दिवसा तो फटफट्या विकण्याची नोकरी करी आणि गाडीचे काम रात्री चाले. कारखाना म्हणावा तर एक साधी शेड. नवे सुटे भाग विकत घ्यायला पैसा नव्हता. आणि पैसा असता तरी त्याला हवे तसे भाग बाजारात मिळतच नव्हते. तेव्हा त्याने काय केले? धातू वितळवून जुन्या डब्यांच्या साच्यात तो ओतला आणि इंजिनाचे दट्टे तयार केले. गॅसच्या जुन्या बिडाच्या नळापासून नळकांडी बनवली. दट्ट्याची ओढ चाकाकडे पोहोचवणारे दांडे जुन्या ट्रॅक्टरच्या आसातून कोरून काढले. एवढंच काय, बारीक मापे घेण्याचे मायक्रोमीटरसुद्धा त्याने चाकाच्या जुन्या आरीपासून केले!

आता या सुधारणेत मुख्य मर्म काय होते, ते पाहू. मूळ इंजिनात झडपा नळकांड्याच्या बाजूला बसवलेल्या होत्या. त्यामुळे आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या वायूला आडवळणाने जावे लागे. चुलीचे धुराडे वाकडेतिकडे असले, की जाळ मोकळा लागत नाही, तशीच गत. मन्रोने त्या झडपा वरच्या बाजूला नेल्या आणि वायूची वाट सरळ केली. इंजिनाचा श्वास मोकळा झाला, ताकद वाढली. पुढे पुढे इंजिनाचे आकारमानही त्याने ९५० घन सेंटीमीटरपर्यंत वाढवले.

हे सारे एका दमात साधले असे मात्र समजू नका. ताकद वाढली की दांडा तुटे. दांडा मजबूत केला की दट्ट्या फुटे. दरवेळी इंजिन उघडायचे, काय तुटले आणि का तुटले ते पाहायचे, आणि पुन्हा भट्टी पेटवायची. तुटलेले भाग त्याने फेकून दिले नाहीत. शेडमधल्या एका फळीवर ते मांडून ठेवले आणि वर लिहिले, की हा वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य आहे. गमतीचा भाग सोडा. पण आपल्या चुका डोळ्यांसमोर मांडून ठेवायला धैर्य लागते.

या छंदाची किंमतही त्याला मोजावी लागली. १९४७ साली संसार मोडला. त्यानंतर नोकरीही सुटली, आणि तो शेडमध्येच राहू लागला. ज्या गाडीसाठी हे झाले, ती त्या मोलाची होती काय? याचे उत्तर ज्याचे त्यानेच द्यायचे. गोष्ट सांगताना ही बाजू लपवणे मात्र बरे नव्हे.

अमेरिकेच्या यूटा राज्यात बॉनव्हिल नावाचे मिठाचे विस्तीर्ण मैदान आहे. एका प्राचीन सरोवराचे पाणी आटून मागे राहिलेली ही मिठागरासारखी सपाट जमीन. दरवर्षी उन्हाळ्यात तिथे वेगाच्या चाचण्या होतात. १९६२ साली, वयाच्या ६३ व्या वर्षी, मन्रो आपली गाडी घेऊन समुद्रापार तिथे पोहोचला. माशासारखे निमुळते कवच चढवलेल्या त्या गाडीने ताशी १७८.९७ मैलांचा विक्रम केला. १९६७ च्या ऑगस्टमध्ये तो पुन्हा आला, तेव्हा वय होते ६८. एका दिशेच्या पात्रता-फेरीत गाडी ताशी १९० मैलांच्या वर गेली, आणि १००० घन सेंटीमीटरच्या आतल्या गटात ताशी १८३.५८ मैलांचा विक्रम नोंदला गेला. ५५ मैलांची गाडी, सत्तेचाळीस वर्षांनी, तिपटीहून अधिक वेगाने धावली!

इथे शिक्षकांसाठी एक गंमत आहे. विक्रम मोजताना गाडी जाताना आणि येताना, अशी दोन्ही दिशांनी धावते. वाऱ्याचा फायदा एकाच अंगाला मिळू नये म्हणून. मग सरासरी काढतात. मन्रो १९७८ साली वारला. पुढे त्याच्या मुलाला त्या जुन्या हिशोबात चूक आढळली. संबंधित संस्थेने आकडे तपासले आणि २०१४ साली विक्रम दुरुस्त केला: ताशी १८४.०८७ मैल, म्हणजे सुमारे २९६ किलोमीटर. विक्रमानंतर सत्तेचाळीस वर्षांनी हिशोब सरळ झाला!

सरासरी कशी फसवते, ते मुलांना विचारून पाहा. सायकलवाला एक मैल ताशी २० मैलांनी गेला आणि तोच मैल ताशी ३० मैलांनी परतला, तर सरासरी वेग किती? वर्गातली बहुतेक मुले २५ म्हणतील. खरे उत्तर २४ आहे. का, ते त्यांनाच काढू द्या.

मन्रोसारखा वेग आपल्या रस्त्यांवर कुणी करू नये, हे सांगायला नकोच. त्यासाठी मिठाचे मैदानच हवे. पण माळ्यावर धूळ खात पडलेली एखादी जुनी गाडी, पंप किंवा शिवणयंत्र तुमच्या घरी असेलच. या सुट्टीत ते मुलांना घेऊन खोला. एखादा भाग तुटला, तर तो भंगारात टाकू नका. फळीवर ठेवा आणि तो का तुटला, ते त्याच्याखाली लिहून ठेवा.