छंद आणि गरज : पिंपरी-चिंचवड परिसरातील सायकलीचा इतिहास

एखादे वाहन छंदाचा विषय केव्हा बनते, हा प्रश्न सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण या औद्योगिक पट्ट्यात गेल्या काही वर्षांत अनेक नोकरदार स्त्री-पुरुष सायकलीचा छंद नव्याने लावून घेत आहेत. सुटीच्या दिवशी पहाटे जुन्या मुंबई रस्त्याने लोणावळ्याच्या दिशेने त्यांचे जथे निघतात. आषाढीपूर्वी पंढरपूरची सायकलवारीही घडते. या छंदाला ‘नवा’ म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः महाराष्ट्रात सायकल प्रथम आली ती छंद म्हणूनच. पुढे ती गरज झाली. आणि ज्यांची गरज सरली त्यांच्याकडे ती छंद होऊन परतली.

पहिल्या अवस्थेचा सर्वपरिचित दाखला किर्लोस्कर बंधूंचा होय. १८८५ मध्ये इंग्लंडात स्टार्ले याने सारख्या चाकांची ‘रोव्हर’ सायकल सिद्ध केली आणि १८८८ मध्ये डनलॉपने हवेची धाव शोधून काढली. त्याच १८८८ साली बेळगावात किर्लोस्करांचे सायकलीचे दुकान निघाले. मुंबईत शिक्षक असलेले लक्ष्मणराव तेथून सायकली पाठवीत आणि बेळगावी त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकून गिऱ्हाइकांना चालविण्यासही शिकवीत. सायकल ही त्या काळी श्रीमंतांनी व हौशी लोकांनीच घेण्याजोगी वस्तू होती. तथापि या हौसेच्या व्यापारातून यंत्रांशी जडलेला संबंध पुढे नांगरापर्यंत आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीपर्यंत पोचला. १९४६ मध्ये याच घराण्याचा तेल-इंजिनांचा कारखाना खडकीस, म्हणजे पुण्याहून पिंपरीकडे जाणाऱ्या वाटेवरच, उभा राहिला.

दुसऱ्या अवस्थेचा प्रारंभ या पट्ट्याच्या औद्योगिक जन्माबरोबरच झाला. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली व १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्या दशकात आकुर्डीस बजाज व पिंपरीस टेल्को यांचे कारखाने आले. पुणे ते पिंपरी हे अंतर सुमारे १५ किलोमीटर असून वाटेत घाट नाही. सायकलींचे शहर म्हणून ख्यात असलेल्या पुण्यातील कामगारास ते झेपण्याजोगे होते; दापोडी, कासारवाडी, चिंचवड येथील कामगारास तर सहजसाध्य. पाटलोणीला क्लिप, दांडीला पिशवी, कॅरिअरला डबा आणि रात्रपाळीसाठी डायनॅमोचा दिवा, अशा सरंजामानिशी सायकल ही श्रमाचे साधन झाली. मुलेही मोठ्यांच्याच सायकलीच्या दांडीखालून पाय घालून शिकत, अथवा ती तासाच्या भाड्याने आणीत. या काळात हौस अगदीच लोपली नव्हती. मुंबई-पुणे शर्यत याच रस्त्याने होत असे आणि बोरघाट प्रथम चढणारा ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरविला जाई.

सायकलीला हटविणारे वाहनही याच भूमीत तयार झाले, हे विशेष होय. १९७२ पासून ‘चेतक’ स्कूटर बाजारात आली. मागणी एवढी, की नोंदणीनंतर गिऱ्हाइकास वर्षानुवर्षे थांबावे लागे. तोवर सायकलच कामी येई. १९७० मध्ये स्थापन झालेली पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, वस्ती वाढली आणि अंतरेही वाढली. १९९९ मध्ये बजाजचा मोटारसायकलींचा कारखाना चाकणला सुरू झाला. पुढे तेथे मोटारींचे मोठे कारखाने आले. येथे एक मूलभूत भेद ध्यानात घ्यावा लागतो. पिंपरी सायकलीच्या युगात वसली. चाकण मोटारीच्या युगात. पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटरांवरील चाकणची कल्पनाच कंपनीच्या बसगाड्या, मोटारसायकली व मालट्रक गृहीत धरून झालेली आहे.

तिसऱ्या अवस्थेचा पुरावा सायकलीच्या घडणीतच सापडतो. जुन्या सायकलीस कॅरिअर, मडगार्ड, साखळीचे झाकण व स्टँड असे. आजच्या हौशी सायकलीस गिअर असतात, परंतु यांपैकी बहुधा काहीच नसते. कारण तिच्यावरून डबा वाहून न्यावयाचा नसतो, आणि चिखलातून कामावरही जावयाचे नसते. ती निघते तिथेच परत येते. २००२ मध्ये पूर्णत्वास गेलेल्या द्रुतगती मार्गावर सायकलीस मज्जाव असल्याने जुना रस्ताच या हौशींचा आश्रय ठरला आहे. रहदारी वाढण्याच्या आत घरी परतावे, हा या छंदाचा अलिखित नियम आहे.

परंतु गरज सर्वांचीच सरली, असे मानणे चुकीचे ठरेल. भोसरी व चाकणच्या रस्त्यांवर कंत्राटी मजूर आणि पहारेकरी आजही साध्या सायकलीवरून पाळीला जातात. त्यांना पहाटेची मोकळी वेळ निवडण्याची सोय नाही; पाळी सुटेल तेव्हा, मालट्रकांच्या गर्दीतूनच त्यांना जावे लागते. छंद जोपासणारा व पोटासाठी पायडल मारणारा असे दोन सायकलस्वार एकाच रस्त्यावर, पण निरनिराळ्या प्रहरी आढळतात आणि म्हणूनच एकमेकांस क्वचित दिसतात. मागणी मात्र दोघांचीही एकच आहे : निर्धास्तपणे जाता येईल असा रस्ता. हौशी सायकलस्वाराचा आवाज नगरपालिकेच्या दारी पोचतो, मजुराचा सहसा पोचत नाही. बेळगावच्या हौसेतून एकेकाळी कारखानदारी उभी राहिली. आजच्या हौसेतून पाळी सुटण्याच्या वेळीही निर्धोक राहील असा मार्ग निर्माण झाला, तरच या छंदाने आपले ऐतिहासिक ऋण फेडले, असे म्हणता येईल.